फ्रान्सची गाडी आणि माझी सोयरीक

हा किस्सा मी सहसा कोणाला सांगत नाही. पण चहा तुम्ही पाजताय, वर "सुनीलभाऊ, लग्नाचा विषय निघाला की तुम्ही बशीत काऊन पाहता?" असं दोनदा विचारलंत, म्हणून सांगतो. माणूस स्वतःची फजिती किती पद्धतशीरपणे, रजिस्टरात तारीखवार नोंद ठेवून करू शकतो, ते ऐकून घ्या. हसायचं तर खुशाल हसा. मी आता त्यातून बाहेर आलोय.

तेव्हा मी खामगावात एका शोरूममध्ये गाड्या विकायचो. म्हणजे विकायला बसायचो. गाड्या काही विकल्या जात नव्हत्या.

कंपनी फ्रान्सची. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. त्या नावातली निम्मी अक्षरं म्हणे उच्चारायचीच नसतात. कुठली निम्मी, यावर आमच्या शोरूममध्ये शेवटपर्यंत एकमत झालं नाही. शेठ एक म्हणायचे, मी दुसरं, आणि ट्रेनिंग द्यायला पुण्याहून आलेला माणूस तिसरंच. गिऱ्हाईक सरळ म्हणायचं, "ते फ्रान्सची गाडी दाखवा." मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

गाडी वाईट होती का? अजिबात नाही! गादी अशी, की नांदुऱ्याच्या पुढचे खड्डे कमरेला कळायचेच नाहीत. लोक यायचे, आत बसायचे, दार चारदा उघडून-लावून त्याचा आवाज ऐकायचे, "एक नंबर" म्हणायचे, आमचा चहा प्यायचे आणि पलीकडच्या शोरूममध्ये जाऊन गावात सगळ्यांकडे असते तीच पांढरी गाडी बुक करायचे.

कारण तुम्हालाही माहीत आहे. आपल्याकडे माणूस गाडी घेताना पहिला प्रश्न विचारतो तो विकण्याचा. "पाच वर्सानं काढली तं कोन घेईन?" मग, "पार्ट कुठं भेटन?" आणि शेवटी, "मिस्त्री कोन?" या तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच उत्तर होतं. "काका, आधी चहा घ्या."

मिस्त्री तसा होता आमच्याकडे. रफिकभाई. हाताचा पक्का, पण दिवसभर बाकावर बसून असायचा. एकदा मी विचारलं, "रफिकभाई, या गाडीत खोट काय हाय?"

"सुनीलभाऊ, खोट नाही हाय, यही तो खोट है," तो म्हणाला. "गाडी बिघडन तं मिस्त्रीले समजन. मिस्त्रीले समजन तं तो लोकाईले सांगन, घ्या म्हनून. हे बिघडतच नाई, तं मी शिकू कशावर?"

शेठनं तोवर जाहीर केलं होतं की दिवाळीपर्यंत काही हललं नाही, तर काचेच्या मागे ठिबकचे पाइप लावून ठेवीन. आता पुण्याचं ऑफिस आमच्याकडून दोनच आकडे मागायचं. बुकिंग किती आणि टेस्ट ड्राइव्ह किती. बुकिंगच्या जागी दर महिन्याला भोपळा जायचा. मग मी ठरवलं, निदान दुसऱ्या रकान्याची अब्रू राखू.

इथं आमचा विनोद येतो. विनोद सरकटे, अमडापूरचा, माझ्याच गल्लीतला, पहिलीपासूनचा सोबती, वीज खात्यात लाईनमन. उंचच्या उंच खांबावर चढतो, पण जमिनीवर असला की खाली मान घालून असतो. एका शनिवारी तो शोरूमला आला.

"सुन्या, उद्या गाडी देतं काय?"

"कायले?"

"पाहाले जा लागते."

"कुठं?"

"जळगावकडं."

जळगाव म्हणजे जामोदचं. यापुढे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्याकडची रीत आहे ती. सोयरीक पक्की होईपर्यंत कोणाच्या घरी चाललोय हे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. मध्येच कोणी काडी घातली तर? गाव सांगायचं, तेही मोघम. घर सांगायचं नाही. ही रीत चांगलीच आहे, पण तिनंच माझा घात केला, ते पुढे येतंच.

विनोदचं ऐकता ऐकता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आता बघा, पोरगी बघायला मागून आणलेली पांढरी गाडी घेऊन गेलात तर काय होतं? गाडी वेशीत शिरायच्या आत पानटपरीवरचे लोक सांगतात, "अबे, हे तं उपसरपंचाची गाडी. त्या पट्ट्यावरून समजते." पोरीकडच्यांना चहा ठेवायच्या आधीच कळतं की गाडी उसनी आहे. पण आमची फ्रान्सची गाडी? जिल्ह्यात कोणाकडेच नाही! मग ती कोणाची आहे, हे कोण ओळखणार? जी गोष्ट दुकानात आमच्या मुळावर आली होती, ती सोयरिकीत सोन्यासारखी उपयोगाची होती. एवढी साधी गोष्ट फ्रान्सवाल्यांना कशी सुचली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

डेमो गाडीच्या दोन्ही बाजूंना 'टेस्ट ड्राइव्ह' असं हातभर अक्षरांत लिहिलेले पत्रे असायचे. गोंदानं रंग जातो म्हणून रफिकभाईनं त्यांना मागून लोहचुंबक लावून दिलं होतं. मी दोन्ही पत्रे ओढून काढले आणि डिक्कीत ठेवले. गाडी लगेच घरची दिसायला लागली.

"अन् कोनं इचारलं तं माहीच हाय म्हनून सांगजो," मी विनोदला बजावलं.

"खोटं काऊन बोलू बे?"

"खोटं नाई रे. संध्याकायलोक तुहीच हाय न ते?"

विनोद चावी घेऊन निघाला. संध्याकाळी गाडी परत आणली, चावी दिली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "कयवतो म्हने." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. सोयरिकीत 'कळवतो' ऐकलं की माणसानं दुसरीकडे बघायला लागायचं असतं. मग रजिस्टर पुढे केलं. नाव, गाव, तारीख आणि शेवटी अभिप्राय. विनोदनं अभिप्रायात लिहिलं, 'गाडी आरामाची आहे. माझी नाही.' मी हसलो. हा असाच आहे, म्हटलं. असल्या स्वभावानं याचं लग्न व्हायचं नाही.

पण विनोदची गाडी गल्लीनं पाहिली होती. पुढच्या रविवारी दुसरा आला, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. मेहकरकडून आला, मलकापूरकडून आला. माझं धोरण एकच. पत्रे डिक्कीत, चावी हातात, 'माहीच हाय म्हन' हा उपदेश फुकट, आणि परत आल्यावर रजिस्टरात सही. तिकडं पुण्याच्या ऑफिसात आमच्या जिल्ह्याची रेघ वर चढायला लागली. पोळ्यापर्यंत टेस्ट ड्राइव्हमध्ये आम्ही मोठमोठ्या शहरांच्या पुढे गेलो! शेठनं मला पहिल्यांदाच 'अहो' म्हटलं.

आणि बरोबर याच सुमाराला माझी स्वतःची वेळ आली.

माझं वय तेहतीस. अकरा घरं बघून झालेली. नोकरी विचारायचे, मी शोरूम म्हणायचो. कोणत्या गाडीचं, विचारायचे, मी सांगायचो. मग 'कळवतो.' बाबांना प्रवास झेपत नाही, म्हणून सगळं बघणं आत्या करायची. आत्याला या सगळ्याचा कंटाळा आला आणि तिनं माझ्या बायोडाट्यात स्वतःच 'ऑटोमोबाईल कंपनीत अधिकारी' असं लिहून टाकलं. मीही खोडलं नाही.

मग तिनं एक कागद आणला. प्रज्ञा तायडे. राहणार जळगाव जामोद, संग्रामपूरच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका, वडील रिटायर एसटी ड्रायव्हर. असे बायोडाटे मी पोत्यानं वाचलेत. छंदाच्या रकान्यात सगळ्यांचं वाचन आणि रांगोळी असतं. या मुलीनं लिहिलं होतं, 'वेळ मिळत नाही.' सरळ सांगतो, मी तिथंच पडलो. फोटो नंतर पाहिला. त्या एका ओळीवर मला ती मनापासून आवडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की इथून 'कळवतो' येऊ नये.

रविवार ठरला. गाडी अर्थातच फ्रान्सची. पत्रे डिक्कीत.

शुक्रवारी शेठ धावत बाहेर आले. "सुनील, पुण्याहून साहेब येऊन राह्यला! फ्रान्सवाला! म्हनते, टेस्ट ड्राइव्ह एवढे अन् बुकिंग काऊन नाई? अन् तुह्या टेस्ट ड्राइव्ह साऱ्या रविवारच्याच काऊन हाय, ते पाहाले रविवारीच येते. त्याले गिऱ्हाइकाच्या घरी ने. त्याले घर पाहाचं हाय."

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? एक तर साहेबाला खरं सांगितलं असतं किंवा सोयरीक पुढे ढकलली असती. मी यातलं एकही केलं नाही. मला वाटलं, साहेबाला गिऱ्हाइकाचं घर पाहायचंय, मला पोरीचं घर पाहायचंय. घर एकच असलं तर कुठं बिघडलं? शिवाय पोरगी बघायला येताना सोबत फ्रान्सचा साहेब घेऊन येणारा पोरगा जळगाव जामोदनं कधी पाहिला असेल?

आत्या तर हरखूनच गेली. "बाई बाई! एवढा गोरा माणूस मागून आनला तू?" असं म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, गाडी मागून आनली म्हनू नको म्हंजे झालं."

साहेब माणूस चांगला होता. ताडासारखा उंच, अंगात चुरगळलेला पांढरा सदरा, मांडीवर आमचं टेस्ट ड्राइव्हचं रजिस्टर. मी गाडी चालवत होतो, साहेब माझ्या शेजारी, आत्या मागे पिशवी सांभाळून. पूर्णेचा पूल ओलांडला, समोर सातपुडा दिसायला लागला. साहेबानं इंग्रजीत विचारलं, आपण जातोय ते कुटुंब गाडीबद्दल गंभीर आहे का? मी म्हटलं, फार गंभीर आहे. त्यानं वहीत लिहून घेतलं.

तायड्यांच्या गल्लीत वळलो आणि कोपऱ्यावरच्या घरातून एक बाई ओरडली, "प्रज्ञाची आई, आली वो गाडी!"

मला केवढा आनंद झाला! म्हटलं, वाट बघतायत. मी हॉर्नसुद्धा वाजवला.

तायडे काका बाहेर आले. जयभीम झाला. साहेबानंही हात जोडून जयभीम केला, गल्ली खूश झाली. पण काकांचं लक्ष ना माझ्याकडे, ना साहेबाकडे. ते गाडीकडे बघत होते. एक चक्कर मारली, मागच्या दारापाशी वाकले, सरळ झाले आणि म्हणाले, "या, बसा."

आत खुर्च्या मांडलेल्या होत्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेले पोहे आले. प्रज्ञा पाणी घेऊन आली, समोर बसली. फोटोपेक्षा साधी आणि फोटोपेक्षा चांगली. नजर मात्र पेपर तपासणाऱ्याची. आत्यानं सुरुवात केली, "आमचा सुनील कंपनीत अधिकारी हाय. साहेबाचं तं पानच हालत नाई याच्याबिगर."

साहेब आपलं नाव निघालंसं वाटून हसला, आणि गाडीतली माहितीपत्रकं आणतो अशी खूण करून, माझ्याकडून चावी घेऊन बाहेर गेला. मी जाऊ दिलं.

काकांनी विचारलं, "गाडी कोनाची हाय?"

हा प्रश्न मी कितीतरी पोरांना शिकवून पाठवला होता. माझ्या आवाजात जरासुद्धा कंप नव्हता. "माहीच हाय काका. मागच्या महिन्यात घेतली."

बापलेकीनं एकमेकांकडे पाहिलं.

"मंग त्या मांगच्या दारावर वरखडा कायचा हाय?"

"वरखडा? कुठं?"

"डाव्या अंगाले. तुमचीच गाडी न?" काका शांतपणे पोहे खात होते. "पहिल्या खेपेले नोयता तो. दुसऱ्या खेपेले होता."

मला आधी कळलंच नाही. कळायला लागलं तेव्हा बाहेर खट्ट असा आवाज झाला. थोड्या वेळानं दुसरा. मी दारातून पाहिलं. फ्रान्सचा साहेब, शिस्तीचा माणूस! त्यानं डिक्की उघडली, आत पत्रे सापडले, कंपनीच्या नियमानुसार ते दारावर पाहिजेत हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं दोन्ही बाजूंना ते स्वतःच्या हातानं लावले होते. वर थोडं मागे सरकून, सरळ बसलेत का ते बघत होता.

आत्याला इंग्रजी येत नाही, पण पत्रा मराठी अक्षरांत होता. तिनं मोठ्यानं वाचलं, "टेस्ट... ड्राइव्ह. हे काय हाय रे सुनील?"

 

"लावू द्या, लावू द्या," काका म्हणाले. "मले पहिल्याच खेपेपासून माहीत हाय. हे गाडी माह्या दारात तिसऱ्यांदा आली बाबू. पोरगा दरखेपी येगळा."

"पन काका, तुमी... ओयखली कशी?"

"पस्तीस वर्स एसटी चालवली म्या. अन् त्याले ड्रायव्हर कायले लागते? पांढऱ्या गाड्या गावात पन्नास हाय, त्या नाई ओयखू येत. हे तं जिल्ह्यातच एक हाय! कोपऱ्यावरची बाईसुदा ओयखते. गल्लीत पोरगी पाहाची गाडी म्हनते हिले."

तुम्ही हसताय. पण मला सांगा, ही गोष्ट माझ्या डोक्यात आधी का आली नसावी? जिल्ह्यात एकच गाडी आहे म्हणून कोणी ओळखणार नाही, असं मी धरून चाललो होतो. जिल्ह्यात एकच आहे म्हणूनच सगळे ओळखतील, हे मी सोडून सगळ्या गल्लीला कळलं होतं.

एवढ्यात साहेब आत आला. हातात माहितीपत्रकं, काखेत रजिस्टर. खुर्चीत बसला आणि थेट प्रज्ञाला इंग्रजीत विचारलं, मॅडम, आमची गाडी तुम्हाला कशी वाटली?

मी मध्ये पडणार होतो. पण इंग्रजीच्या शिक्षिकेला दुभाषी कशाला लागतो? ती अस्खलित इंग्रजीत म्हणाली, गाडी फार चांगली आहे, ती आमच्याकडे तीनदा आली. साहेबाचा चेहरा उजळला. त्यानं वही काढली आणि विचारलं, म्हणजे तुमच्या ओळखीतल्या तीन कुटुंबांनी घेतली? ती म्हणाली, नाही. तीन मुलगे, गाडी एकच. पहिल्यानं सांगितलं शोरूमची आहे. दुसऱ्यानं सांगितलं माझी आहे, आणि आज यांनीही सांगितलं माझी आहे. मी शाळेत शिकवते साहेब, दोन मुलांनी एकाच वहीतून उतरवलं की आम्हाला लगेच कळतं.

साहेबानं रजिस्टर उघडलं. बोट ठेवत खाली गेला. रविवार, रविवार, रविवार. मग सावकाश माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. पण त्याला खरोखरच दुःख झालं होतं. एवढी चढलेली रेघ त्यानं पुण्यात किती जणांना दाखवली असेल!

पण माणूस कामाचा होता. त्यानं वहीचं नवं पान काढलं आणि मला सांगितलं, यांना विचार, गाडी चांगली आहे तर या जिल्ह्यात लोक घेत का नाहीत?

मी विचारलं. काकांनी बशी खाली ठेवली.

"सांग त्याले. गाडी नवी असली की लोक गाडीकडं नाई पाहत, सांगनाऱ्याकडं पाहते. मिस्त्री कोन, पार्ट कुठं, हे साऱ्याईले त्याच्याच तोंडून आयका लागते. अन् जो पोरगा सोताच्या सोयरिकीत खोटं बोलते, तो गाडी इकतानी काय बोलत असन?"

 साहेब पेन उघडं धरून माझ्याकडे बघत होता. मी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणालो, ते म्हणतायत की सर्व्हिस सेंटर लांब आहे.

"नाही," प्रज्ञा म्हणाली, "बाबा तसं म्हणाले नाहीत." आणि तिनं शब्द न् शब्द सांगितला. साहेबानं शब्द न् शब्द लिहून घेतला. आत्या तोवर पदरानं तोंड पुसत होती. माझ्या बशीतले पोहे तसेच राहिले, आणि तेव्हापासून मला बशीत बघायची सवय लागली. आलं लक्षात?

निघताना मी काकांच्या पाया पडलो. म्हटलं, चुकलं. काकांनी खांद्यावर हात ठेवला. "वाईट नको वाटू देऊ. तुह्यामुयं आमचं एक काम झालं. तो पहिला पोरगा तीन महिन्यांपासून लटकला होता. आमी इचार करून राह्यलो होतो, दिसाले साधा हाय, बोलत नाई, पोरीले शोभन का म्हनून. पन त्यानं दारातच सांगतलं होतं, गाडी शोरूमची हाय, सोबत्यानं देली. आता नक्की झालं. आजच कयवतो त्याले."

"कोन हाय तो?" मी विचारलं. विचारायची काही गरज होती का? नव्हती.

"अमडापूरचा हाय. सरकटे. लाईनमन."

आम्ही परत निघालो. पत्रे तसेच दारावर होते. नांदुऱ्याच्या फाटकापाशी गाडी थांबली, तर दोघा जणांनी काच ठोकून विचारलं, "टेस्ट ड्राइव्ह भेटन काय?"

साहेबानं पुण्याला जाऊन काय लिहिलं ते मला माहीत नाही. एवढंच कळलं की दिवाळीपर्यंत आमचं शोरूम आवरायचं ठरलं. शेठनं ठिबकच्या पाइपची ऑर्डर दिली. रफिकभाईनं शेजारीच स्वतःचं गॅरेज टाकलं. राहिली ती एकटी डेमो गाडी. ती मिळेल त्या भावात काढा, असं वरून आलं.

आणि एक दिवस फोन वाजला. तायडे काका.

"बाबू, ते गाडी इकाची हाय म्हने. आता खरं सांग, तिच्यात खोट काय हाय?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेला होता. त्या दिवशी चहा पाजायची सोय नव्हती. मी म्हटलं, "काका, पार्ट लवकर येत नाई. मिस्त्री एकच हाय, रफिकभाई, तो खामगावात. अन् इकाले काढली तं कोनीच घेनार नाई. वरखडा मेहकरच्या पोरानं पाडला."

"अन् गाडी?"

"गाडी एक नंबर हाय काका."

 मग काका म्हणाले, "तीन पोरांनी तीन तऱ्हेनं ब्रेक मारले हिच्यावर, म्या पाह्यलं. कुरकुरली नाई. आन घरी."

दोन वर्षांतली माझी एकुलती एक विक्री ही. डिलिव्हरी द्यायला मीच गेलो. गाडीला हार, बॉनेटवर फुलं, दारावरचे पत्रे कायमचे निघालेले. गल्लीत वळलो तर कोपऱ्यावरची बाई ओरडली, "प्रज्ञाची आई, आता कोन आला वो पाहाले?" मी हॉर्न वाजवला नाही.

काकांनी कागदावर सह्या केल्या. मी सवयीनं रजिस्टरही प्रज्ञापुढे केलं. अभिप्रायात तिनं लिहिलं, 'गाडी पसंत आहे.' तेवढंच. पुढे काहीतरी लिहील म्हणून मी जरा वेळ रजिस्टर तसंच धरून उभा राहिलो. तिनं पेनाला टोपण लावलं.

विनोदही आला होता, होणारा जावई म्हणून. परत जायला माझ्याकडे गाडी नव्हती, ती आता त्यांची झाली होती. तोच म्हणाला, "चाल बे, स्टँडवर सोडतो." मी शेजारी बसलो. गादी खरंच आरामाची होती. मी डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला, आणि तो निरोप गाडीचाच होता असंच मी अजूनही सांगतो.

स्टँडसमोर उतरलो, तर पानटपरीवाला हार घातलेल्या गाडीकडे बघून म्हणाला, "भाऊ, गाडी कोनाची?"

"सासऱ्याची," विनोद म्हणाला. त्याला दुसरं काही सुचतच नाही.

"अन् हा कोन?"

विनोदनं माझ्याकडे पाहिलं. जरा विचार केला. आयुष्यात कधी खोटं बोलला नाही, तो तिथं तरी कसा बोलणार?

"हा?" तो म्हणाला. "हा गाडीसंग आला होता."